दुसऱ्या फ्रीजवाल्या मॅडम

मॅडमच्या शोकसभेत सगळ्यात लांब भाषण त्या माणसाने केलं, ज्याने मॅडम जिवंत असताना त्यांना गावात पाय ठेवायला बंदी केली होती. "आमच्या घराण्याचा इतिहास त्यांनी जगापुढे आणला," असं तो माइकवर म्हणाला आणि डोळ्याला रुमाल लावला. लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. माझ्याजवळ माझी भाची आणि तिचा घाऱ्या डोळ्यांचा मुलगा होता. मला चार माणसांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. चौथीत होते तेव्हा गुरुजींनी उभं केलं तरी मी परत खाली बसायचे, आणि चौथीनंतर तर कोणी उभंच केलं नाही. म्हणून तिथे बोलले नाही. पण घरी आल्यावर राग जाईना. तो इथे लिहून ठेवते.

मी मॅडमकडे स्वयंपाकाला होते. त्यांच्या घरामागच्या खोलीतच राहायचे. मॅडम जळगावजवळच्या असोद्याच्या, केळीवाल्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी मोठ्या शहरात, पोलिसांच्या तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत झाली. खून, आग, रेल्वेखाली सापडलेला माणूस, विहिरीत मिळालेली हाडं, यांतून कोण कोणाचं ते शोधायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन जळगावला आल्या आणि आराम करायच्या ऐवजी खानदेशातली गावं पालथी घालायला लागल्या.

घरात दोन फ्रीज होते. एकात भाजी आणि दूध. दुसऱ्याला लाल दोरी बांधलेली, त्याला हात लावायचा नाही. त्यात बारीक नळ्या होत्या, डब्यांमध्ये ओळीने उभ्या. प्रत्येक नळीत कोणाच्या तरी गालातून आतून फिरवून घेतलेल्या कापसाच्या काडीचा अर्क. रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या लोकांचा. कोणी पाहुणा विचारायचाच, "दोन फ्रीज कशाला?" मॅडम म्हणायच्या, "एकात भाजी, दुसऱ्यात खानदेश."

त्यांचा संशय फार. संशय माणसांचा नाही, केसांचा, थुंकीचा, बोटांचा. स्वयंपाक करताना माझ्या डोक्याला जाळी. प्रत्येकाचा कप वेगळा, त्यावर नावाची पट्टी चिकटवलेली. पाहुण्यांना स्टीलचा पेला, तो नंतर उकळत्या पाण्यात. त्या स्वतःच्या कंगव्यातले केस काढून दिव्यावर जाळायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं करणीची भीती असेल, आमची आजीही केस पडू द्यायची नाही. मी तसं म्हटलं तर हसून म्हणाल्या, "तुझी आजी आणि मी एकच काम करतो. तिला कारण माहीत नव्हतं, मला आहे."

टीव्हीवर एखाद्या मालिकेत डॉक्टर पाकीट फाडून "डीएनए रिपोर्ट आला" म्हणाला की मॅडम हातातला घास ताटात ठेवायच्या. "नमुना कोणी घेतला? कोणासमोर घेतला? सील कुठंय?" टीव्हीला विचारायच्या. मग मला सांगायच्या, "ऐकून ठेव. नमुना खोटं बोलत नाही. नमुना आणणारा बोलतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की भाजी निवडताना माझ्याही तोंडात यायचं.

गावोगावी मी त्यांच्याबरोबर जायचे, कारण बाया त्यांच्यापेक्षा माझ्याशी लवकर बोलायच्या. एसटीने जायचो. मांडीवर बर्फाचा निळा डबा. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, मासे असतील तर गाडीत वास नको." मॅडम म्हणाल्या, "मासे नाहीत. माणसं आहेत." पुढच्या थांब्यापर्यंत तो आमच्या बाजूला फिरकला नाही.

गावात त्या कोणाला आडनाव विचारायच्या नाहीत. जात तर नाहीच. पहिला प्रश्न एकच, "तुमच्या आईच्या आईचं माहेर कोणतं?" पुरुष अडकायचे. वंशावळ विचारा, बापाचा बाप, त्याचा बाप, घडाघडा सांगतील. आईची आई म्हटलं की डोकं खाजवायचे आणि आत हाक मारायचे. आतून म्हातारी चुलीपाशी बसून एका दमात सांगायची, आणि तिच्या आईचंही सांगायची. मॅडमना याचा फार आनंद व्हायचा. म्हणायच्या, बापाकडून पोराला एक रेघ जाते तशी आईकडूनही एक जाते, मुलाला जाते आणि मुलीलाही जाते, पण मुलगीच ती पुढे नेते. "तुमची निम्मी गोष्ट चुलीपाशी बसलीये आणि तुम्ही पारावर शोधताय."

आता त्या भाषणवाल्याचं सांगते. तो त्या गावचा मोठा माणूस. सगळे त्याला आबा म्हणतात. त्याने मॅडमना मानाने बोलावलं, घरातल्या सगळ्या पुरुषांच्या गालात काड्या फिरवून दिल्या, आम्हाला पुरणपोळी वाढली. त्याचं म्हणणं, आमचं घराणं राजस्थानातल्या राजांचं, मॅडमनी तसं मशीनवर काढून द्यावं, दरवाजावर संगमरवरात कोरायचंय.

काही महिन्यांनी आबा जळगावला आला. मॅडमनी त्याला पट्टी नसलेल्या स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि सांगितलं, "बापाकडची तुमची रेघ इथल्या शेजारच्या चार गावांसारखीच आहे. राजाबिजाचं मला माहीत नाही, राजाचा नमुना माझ्याकडे नाही. आईकडची रेघ मात्र छान सापडली. सातपुड्याच्या पाड्यावरच्या बायांशी जुळते."

आबाने पेला खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे तुमची कोणीतरी खापरपणजी डोंगरातून खाली आली आणि तुमच्या घरात नांदली. फार जुनी गोष्ट."

"मॅडम, हे वाक्य काढून टाका."

"वाक्य माझं नाही. तुमच्या गालातलं आहे."

तो उठून गेला. त्यानंतर गावातून निरोप आला, या बाईला वेशीत घेऊ नका. ज्या घरांनी काड्या दिल्या होत्या त्यांनाही धमकावलं. आणि तोच माणूस माइकवर रडतो. मॅडमच्या पुतण्यांनी त्याला शाल दिली. हे तेच पुतणे, ज्यांनी मॅडमना नेलं त्याच दिवशी दुसऱ्या फ्रीजचं बटण बंद केलं. आवाज येतो म्हणाले. मी म्हटलं, बंद करू नका, तर एक म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?" मला नाही कळत. पण मॅडमच्या हयातीत त्यांना त्यातलं विचारायला ते एकदाही आले नाहीत, एवढं मला कळतं.

मॅडमचा एक नियम होता. कोणाची बायको तपासायची नाही. एकदा एक केळीचा व्यापारी गाडीतून आला, हळू आवाजात म्हणाला की मुलाबद्दल जरा शंका आहे, घरातल्या घरात बघून द्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि असोद्याच्या बोलीवर आल्या. त्या बोलीवर आल्या की समजायचं, आता खरं नाही. "मी मेलेल्याईची ओळख लावली, खुन्याईची लावली. बायको तपासाची मशीन नाही मह्याजवळ. कायले आले इथं?" तो गेल्यावर त्यांनी त्याची खुर्ची पुसली.

आणि अशा मॅडमपुढे मला माझ्या भाचीचा रिपोर्ट ठेवायची वेळ आली.

भाची माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर मीच तिचं लग्न लावलं, सोनगीरच्या पुढे हायवेला लागून एका गावात. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. घरात सासू आणि धाकटा दीर. मुलगा झाला, आणि त्याचे डोळे घारे निघाले. झालं. सासूने बाळंतिणीच्या खोलीतच सुरू केलं, "आमना घरमा कोनाच डोया असा नहीत." हायवेवरचं गाव, येणारे जाणारे खूप, बोलणाऱ्यांना तेवढं पुरे. नवरा घरी कमी, आला की आईचं ऐकायचा.

एक दिवस सासूने लसीसाठी म्हणून बाळाला धुळ्याला नेलं. लस नव्हती. एका खाजगी तपासणीवाल्याकडे नेऊन त्याच्या गालातून काडी फिरवून घेतली. भाचीला सांगितलं नाही, विचारणं तर दूरच. रिपोर्ट आल्यावर त्यांनी तिचे कपडे पिशवीत भरले. ती बाळाला घेऊन जळगावच्या स्टँडवर उतरली आणि मला फोन केला. "मावशी, माले काढी दिधं." एवढंच बोलली. घरी आल्यावरही रडली नाही. रिपोर्टची झेरॉक्स तिच्या ओटीत दिली होती, माहेरी दाखवायला. माहेर म्हणजे मी.

आमच्यासमोर प्रश्न साधा होता. तो कागद खरा धरला तर पोरीला घर नाही, आणि पोराला बाप नाही, आणि जन्मभर तो डाग लागलेला.

मला मॅडमना सांगता येईना. दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी सकाळच्या चहाबरोबर कागद त्यांच्या कपाखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. मग हाक आली, तीही साध्या मराठीत, म्हणून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

"हे तुझ्या भाचीचं?"

"हो."

"मी तिला तपासणार नाही."

मी कागद उचलायला हात पुढे केला.

"मी हा कागद तपासते. बस इथं."

मी खाली बसले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पेन्सिल घेतली आणि आकड्यांवर खुणा करत गेल्या. मग मला समजावलं, जसं त्या नेहमी समजावायच्या, मला कळेल असं. प्रत्येक ठिकाणी बाळाजवळ दोन आकडे असतात. एक आईचा, एक बापाचा. परका माणूस बाप म्हणून पुढे केला तर तो निम्म्या ठिकाणी तरी चुकतोच. "हा थोड्याच ठिकाणी चुकतोय. बाकी सगळीकडे बसतोय. प्रयोगशाळेने बरोबर लिहिलंय, हा बाप नाही. पण हा परकाही नाही. घरातलाच कोणी आहे."

घरातला. त्या आकड्यांचा आणखी एक घाणेरडा अर्थ निघू शकत होता, तो मला तेव्हाही कळला. मॅडमना तर माझ्याआधी कळला असणार. त्यांनी तो तोंडातून काढला नाही. फक्त पेन्सिल खाली ठेवली आणि भाचीला बोलावून विचारलं, "काडी कोणी दिली? नवरा स्वतः गेला होता?"

"माले काय म्हाईत," भाची म्हणाली. "माले तं पोऱ्याले लई गयात तेबी सांगं नही."

मॅडमनी निळा डबा काढला.

धुळ्याला गाडी बदलून आम्ही दुपारी त्या गावात पोचलो. भाचीला आणलं नव्हतं. सासू ओसरीवर शेंगा फोडत होती. धाकटा दीर मोटारसायकल धूत होता. थोरला, म्हणजे भाचीचा नवरा, त्या दिवशी घरी होता, खाटेवर पडलेला. मला पाहून उठला आणि आत गेला. शेजारच्या बाया कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या.

मॅडम न बसताच बोलल्या. "धुळ्याला काडी द्यायला कोण गेलं होतं?"

सासू म्हणाली, "मना आंडोर गया व्हता."

"कोणता मुलगा?"

आणि तो धाकटा, हातात ओलं फडकं घेऊन, अगदी सरळ मनाने म्हणाला, "मी गऊ ना. भाऊ गाडीवर व्हता, नाशिकले. रेशनले मीच जास, सोसायटीले मीच जास, भाऊना जागावर मतदानलेबी मीच गयथू एकदाव. त्यामा काय? भाऊभाऊ शेतस, रगत तं एकच शे."

कुंपणापाशी कोणीतरी फिसकन हसलं. बाकी कोणी नाही. बाकीच्यांना त्यात काही चूक वाटली नव्हती. त्या घरात खरंच असं चालायचं, एक भाऊ दुसऱ्याच्या नावावर कुठेही उभा राहायचा, खत आणायला, सही करायला, मयतीला. धुळ्याच्या त्या माणसाने थोरल्याचं आधारकार्ड पाहिलं, धाकट्याचं तोंड पाहिलं, दोघे दिसायला सारखे, आणि काडी घेतली. याला त्यांनी पुरावा म्हटलं. यावर माझ्या पोरीचे कपडे पिशवीत भरले.

मॅडम ओसरीच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं हसतात. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"रगत एकच राहतं तं मेलेल्याईची ओळख लावत मी जलम कायले घालवला?" त्या धाकट्याला म्हणाल्या. "तू त्याचा काका आहे. कागद बरोबर बोलला. तुम्ही खोटं बोलले."

आतून थोरला दारात आला. त्याचं तोंड उतरलं होतं. आईकडे बघत म्हणाला, "मंग आते?"

"आते आते काय," सासू म्हणाली. "डोया तं घाऱ्याच शेतस ना."

तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मला शब्दाला शब्द आठवतं. "आक्का, मी थोरल्याची काडी घेते. धाकट्याचे आकडे मह्याजवळ आहेत. दोघाईचे समोरासमोर ठेवले का मले हेबी दिसन का या दोघाईचा बाप एकच आहे का नाही. घेऊ? तुम्हाले इचारून घेते. तुम्ही तं तुमच्या सुनेले इचारलंबी नाही."

ओसरीवर शेंगा फोडायचा आवाज थांबला. कुंपणापाशीच्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. सासूने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. थोरल्याने स्वतः येऊन मॅडमसमोर तोंड उघडलं. मॅडमनी दोन साक्षीदारांसमोर काडी फिरवली, सील केली, त्याची सही घेतली, आणि त्याचं आधारकार्ड त्याच्या कानाशी धरून बराच वेळ तोंड आणि फोटो पाहिला.

परतीच्या गाडीत मॅडम पारोळ्याच्या आसपास म्हणाल्या, "मी त्या बाईला तेच केलं, जे तिने तुझ्या पोरीला केलं. सगळ्यांसमोर." त्या दिवसापासून पुढे त्यांनी हे मला अनेकदा बोलून दाखवलं, त्यांना ते लागलं होतं. मला नाही लागलं. अजूनही लागत नाही. सासूला एका दुपारपुरतं कळलं, आमच्या पोरीला महिनोन् महिने. दोन्ही सारखं कसं होईल?

मॅडमनी काडी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे पाठवली. भाची तोपर्यंत आमच्याकडेच. मॅडमनी तिच्या कपावर पट्टी लावली. बाळाच्या दुधाच्या बाटलीवरही लावली. घाऱ्या डोळ्यांकडे बघून म्हणायच्या, "हे असे डोळे दोन्हीकडून लपून येतात, पिढ्यान् पिढ्या. कोणाच्या आईच्या आईच्या आईने आणले असतील. तिचं माहेर विचारा की आधी."

उत्तर आलं. सगळ्या ठिकाणी जुळलं. थोरलाच बाप. मॅडमनी फोनवर तेवढं सांगितलं आणि ठेवून दिला.

मग एक दिवस फाटकाशी मोटारसायकल थांबली. साडी, नारळ, पेढ्यांचा पुडा, आणि बाळासाठी टोपडं. भाचीला घ्यायला आले होते. आणि आलं कोण? धाकटा.

"भाऊ गाडीवर शे," तो म्हणाला. "मी लई जास, वहिनी. घरना समदास्नी सांगं, लई ये."

भाची पायरीवर उभी होती, बाळ कडेवर. ती कधी मोठ्याने बोलत नाही, माझ्यावर गेली आहे. पण दिराकडे सरळ बघून म्हणाली, "भाऊ, तुम्हनावर मना राग नही. ज्याना पोऱ्या शे त्याले धाडा."

तो नारळ परत घेऊन गेला. पेढे मॅडमनी ठेवून घेतले. म्हणाल्या, पेढ्यांनी काय केलंय?

बरेच दिवस गेले. मला वाटायला लागलं, तो येणार नाही. मग एका सकाळी फाटकावर थोरला स्वतः उभा राहिला, हात हलवत, मोकळा. मॅडम बाहेर गेल्या, कुलूप न काढता म्हणाल्या, "आधारकार्ड."

त्याला वाटलं चेष्टा करतात. मग खिशातून काढून दिलं. मॅडमनी चष्मा लावला, फोटो पाहिला, तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. तो मान खाली घालून उभा.

"फोटोवरून मला सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. आणि घराकडे वळून हाक मारली, "बाळा, बाहेर ये गं. तूच सांग, हा कोण आहे?"

त्या सगळ्या प्रकारात माझ्या पोरीचं म्हणणं कोणी विचारलं, ते पहिल्यांदा. सासूने विचारलं नव्हतं, नवऱ्याने नाही, धुळ्याच्या माणसाने नाही.

ती आली. पायरीवर थांबली. घाई केली नाही. बाळाने बापाकडे बघून हात पुढे केला, तो तिने धरून ठेवला.

"पोऱ्याना बाप शे," ती म्हणाली. "मना नवरा शे का नही, ते आजून ठरनं नही."

मॅडमनी फाटक उघडलं, त्याला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "चहा दे त्याला. स्टीलच्या पेल्यात."